एकमेकींच्या कोण लागता?

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात जे शिकवतात ते घरातल्या गोष्टींना लागू पडत असणार, असं मी बरेच दिवस धरून चालले होते. दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक कादंबरी होती. दोन मैत्रिणी, शाळेपासून म्हातारपणापर्यंत, आणि आजूबाजूला बदलत जाणारा समाज. मी ती दोनदा वाचली, कारण एकदा वाचून कळली असं म्हणायची मला भीती वाटते. वर्गात मॅडमनी विचारलं, "या मैत्रीच्या खाली काय आहे?" कुणी म्हणालं सत्ता, कुणी म्हणालं दडपलेली इच्छा, एक जण म्हणाला भांडवलशाही. मला वाटत होतं की खाली काही नसावं, मैत्रीच असावी. पण एवढं साधं उत्तर द्यायला कुणी मेट्रोने दीड तास प्रवास करून येत नाही, म्हणून मी गप्प बसले.

माझ्या डोळ्यासमोर आई आणि मावशी होत्या. मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे, मैत्रीण. दोघी दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेत एका बाकावर बसायच्या. दोघींचे वडील सरकारी कचेरीत शिपाई. आई दहावी झाली. मावशी नववीच्या गणितात अडकली आणि शाळा सोडून शिवणकामाला लागली. आता ती नोएडाच्या एका कपड्यांच्या कारखान्यात तयार माल तपासते. आईने लग्न केलं, मावशीने केलं नाही. का नाही, असं विचारलं की ती दर वेळी नवीन कारण देते. माझं आवडतं कारण असं की बघायला आलेला मुलगा फार हसत होता.

मी सहावीत असताना बाबा गेले. त्यांच्या जागी आईला नोकरी लागली. तेव्हा नातेवाईक येऊन आईला "बिचारी" म्हणून जात. मावशी आली, राहिली आणि म्हणाली, "ऊठ, डाळ करपतेय." आईने उठून डाळ पाहिली. करपली नव्हती. यावरून त्या दोघी अजून भांडतात.

गेल्या वर्षी आमची सरकारी कॉलनी पाडून तिथे टॉवर बांधायचं ठरलं आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. त्याच सुमारास पहाडगंजला मावशीच्या भाच्याचं लग्न ठरलं आणि तिची खोली नव्या जोडप्याला हवी झाली. भावाने अतिशय प्रेमाने सांगितलं, "ताई, तू आम्हाला देवासारखी आहेस." देवाला घरात एक कोनाडा पुरतो, हे त्याला सुचवायचं असावं. मावशी आमच्याकडे आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "अगं, आपण दोघी मिळून नोएडात फ्लॅट घेऊ भाड्याने. मला कारखाना जवळ, तुम्हा दोघींना मेट्रो." आई म्हणाली, "आणि स्वयंपाक?" मावशी म्हणाली, "तू." आई म्हणाली, "मग ठीक आहे. तुझ्या हातचं खाण्यापेक्षा बरं."

इतकं सोपं होतं ते. मग आम्ही नोएडात गेलो.

आमचा प्रॉपर्टी डीलर मूळचा पानिपतचा निघाला. मराठी माणसाने तिथेच सावध व्हायला हवं होतं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "फॅमिली है या बॅचलर?"

आईने माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी शब्द आला की दोघी माझ्याकडे पाहतात. मी म्हटलं, "तीन लेडीज हैं. मैं, मम्मी और मम्मी की सहेली."

"मतलब बॅचलर," तो म्हणाला.

मावशीचं वय तेव्हा छप्पन्न होतं, गुडघ्याला पट्टा होता, पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. ती मला हळूच म्हणाली, "बॅचलर म्हणजे ते रात्री गाणी लावतात ते ना? बघ बाई, या वयात योग आला."

पहिलं घर एका एकट्या राहणाऱ्या बाईंचं होतं. त्यांच्या दिवाणखान्यात स्त्रीशक्तीबद्दल काहीतरी लिहिलेली मोठी फ्रेम होती. मला बरं वाटलं. बाई म्हणाल्या, "मैं तो बहुत मॉडर्न हूँ जी. पर जेंट्स कोई नहीं है? बल्ब वगैरह कौन बदलेगा?"

मावशी म्हणाली, "बल्ब बदलने के लिए शादी करूँ क्या?"

त्या घराचं तिथेच संपलं.

दुसरं घर एका तरुण जोडप्याचं. दोघं आयटीतली, चपला दारात काढायला लावणारी, पण फार गोड. आई आणि मावशी शाळेपासून एकत्र आहेत हे ऐकून त्या मुलीने छातीवर हात ठेवला. "आंटी, यहाँ आपको कोई जज नहीं करेगा. आप जैसे हैं वैसे रहिए." मुलाने मान डोलावली. त्याच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं मला वाटलं. आईने दोनदा धन्यवाद म्हटलं आणि बाथरूमचा नळ गळतो का ते विचारलं.

परतताना मेट्रोत मला ते समजावून सांगावं लागलं. मी फार अडखळले. त्यात वाईट काही नाही, तसं असतं तरी मला चाललं असतं, हेही सांगायचं होतं. आणि तसं नाही हेही मला माहीत होतं. दोन्ही वाक्यं एकत्र नीट जमेनात. आई ऐकत होती. मग तिने मावशीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हिच्याशी? हिला साधा भात मोकळा करता येत नाही."

"मला विचारलंस तरी का कधी?" मावशी म्हणाली. "मी नाहीच म्हटलं असतं."

दोघी इतक्या हसल्या की समोरच्या माणसाने कानातले इअरफोन काढून पाहिलं. तो फ्लॅटही मिळाला नाही. तो त्या मुलाच्या पप्पांच्या नावावर होता आणि पप्पा जज करत होते.

कॉलेजात मी हे सगळं सांगितलं. मला वाटलं, कादंबरीबद्दल बोलताना निदान हे उदाहरण कामाचं आहे. वर्ग एकदम जागा झाला. एकीने विचारलं, "पण त्यांना स्वतःला माहीत आहे का, त्या एकमेकींच्या कोण आहेत?" मी म्हटलं, "मैत्रिणी." ती प्रेमाने हसली, जसं लहान मुलाच्या उत्तराला हसतात. मॅडम म्हणाल्या की दोघींना एकदा वर्गात बोलावता आलं तर फार छान होईल. मी घरी विचारलं. मावशी म्हणाली, "चहा देतात का?"

मला त्या दिवसांत हळूहळू असं वाटायला लागलं की जुनी माणसं विचारतात, पुरुष कुठे आहे. नवी माणसं विचारतात, लपवताय का. आणि दोन बायका एकमेकींबरोबर राहतात कारण त्यांना ते आवडतं, हे ऐकून घ्यायला दोघांनाही वेळ नसतो. हे मी निबंधात लिहिलं नाही. संदर्भ कुठला द्यायचा ते कळेना.

क्वार्टर रिकामं करायचा दिवस जवळ आला. डीलर वैतागला. म्हणाला, "एक सोसायटी है, बढ़िया, पर फॅमिली सोसायटी है. रिश्ता बताना पड़ेगा. आप लोग बहन बोल दो." मावशी म्हणाली, "का? सहेली म्हणायला काय होतं?" डीलरला मराठी कळत नव्हतं, पण चेहरा कळला. तो फोनवर बोलायला बाजूला गेला.

सोसायटीचे सेक्रेटरी कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. टेबलावर घंटी होती. ती वाजवायला आता कुणी शिपाई नव्हता, पण ते वाजवायचे आणि मग स्वतःच उठायचे. त्यांनी विचारलं, "आप दोनों आपस में क्या लगती हैं?"

मावशीने तोंड उघडलं. त्याच्या आधी आई म्हणाली, "ननद है मेरी."

मी आईकडे पाहिलं. मावशीने पाहिलं नाही.

सेक्रेटरींचा चेहरा एकदम सैल झाला. "अच्छा अच्छा! तो घर का ही मामला है." त्यांनी घंटी वाजवली, मग चहा सांगायला स्वतः गेले. परत येऊन त्यांनी दोघींची आधार कार्डं शेजारी शेजारी ठेवली. आपल्याकडे बाईच्या नावात मधे लग्नाआधी वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं नाव असतं. आईच्या नावात मधे बाबांचं होतं. मावशीच्या नावात तिच्या वडिलांचं. सेक्रेटरींना या पद्धतीबद्दल कुणीतरी अर्धवट सांगितलं होतं. "आप मराठी लोगों में बीच में पति का नाम होता है ना," ते ज्ञान दाखवत म्हणाले आणि मावशीच्या वडिलांच्या नावावर बोट ठेवलं. "ये आपके हस्बंड… अब?"

आईने मान खाली घातली. "नहीं रहे," ती म्हणाली. ते खरंच होतं. मावशीचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"बहुत दुख हुआ," सेक्रेटरी म्हणाले, आणि आम्हाला फ्लॅट मिळाला.

खाली आल्यावर मावशी बाकावर बसली. मला वाटलं ती हसेल. मीच हसत होते.

"आयुष्यभर नवरा टाळला मी," ती म्हणाली. "आणि तू पाच मिनिटांत मला विधवा केलंस. तीही माझ्या बापाची."

"अगं, घर मिळालं ना?"

"मिळालं. नणंद म्हणून." तिने पिशवी उचलली. "शाळेपासून आहे मी तुझ्याबरोबर. माझ्याबद्दल एक शब्द सांगायची वेळ आली तर तुला तो सापडला नाही. चला, वहिनी."

ते 'वहिनी' मी आधी गंमत म्हणून घेतलं. पण ती गंमत नव्हती. सामान लागलं, पडदे लागले, आणि मावशी आईला 'अगं' म्हणेना. "वहिनी, चहा मिळेल का?" "वहिनी, तुम्ही जेवून घ्या." आईला 'तुम्ही' म्हणणारं घरात आजवर कुणी नव्हतं. ऑफिसातही तिला सगळे 'तू'च म्हणतात. आदराने माणसाला इतकं छळता येतं हे मी प्रथमच पाहिलं. आई आधी चिडली, मग रडवेली झाली, मग तिने बटाट्याची भाजी मावशीला आवडते तशी काचऱ्या करून केली. मावशी म्हणाली, "वहिनींनी उगाच त्रास घेतला."

आणि शेजाऱ्यांसमोर मावशी खरीखुरी नणंद झाली. समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी दुपारच्या कीर्तनाचं, म्हणजे बायकांच्या भजनाचं, बोलावणं घेऊन आल्या की ती त्यांच्यासमोर डाळीत पळी बुडवून म्हणायची, "हमारे भैया को इतनी पतली दाल नहीं चलती थी." बाबांना कुठलीही डाळ चालायची. ते पातळ डाळ पिऊन टाकायचे. आई ओठ मिटून उभी राहायची. आंटी समजून उमजून मान हलवायच्या, आणि आमची सोसायटीतली पत दिवसेंदिवस वाढत गेली. लिफ्टमध्ये बायका आईचा हात दाबायला लागल्या. जे कुटुंब आतून भांडतं ते खरं कुटुंब, अशी तिथे समजूत असावी. त्या हिशेबाने आम्ही आदर्श होतो.

मी दोघींमध्ये पडायचा प्रयत्न केला. मावशीला म्हटलं, "मावशी, आईने घरासाठीच केलं ना." ती कपड्याच्या शिवणीवर बोट फिरवत म्हणाली, "हो की. मी पण घरासाठीच करतेय. नणंद म्हणून घेतलंय, नणंद मिळाली पाहिजे." कारखान्यात माल नापास करताना तिचा आवाज असाच होत असेल. आईला म्हटलं, "तू माफी माग." आई म्हणाली, "मागितली. 'वहिनींनी माफी मागायची नसते' म्हणाली."

मग श्रावणाच्या सुमारास एकदा आमच्याकडे कीर्तनाची पाळी आली. दिवाणखान्यात बायका बसल्या होत्या, ढोलकी थांबली होती, मावशी स्वयंपाकघरात चहा करत होती. कपबशा जरा जास्तच वाजत होत्या. समोरच्या आंटी आईकडे सरकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "आप कब तक झेलोगी? पति रहे नहीं, तो ननद काहे की? वृंदावन में छोड़ आओ. वहाँ विधवाओं का बढ़िया इंतज़ाम है. भजन करेंगी, पुण्य मिलेगा."

दोघीतिघींनी "हाँ हाँ" केलं. आईच्या हातात प्रसादाचं ताट होतं. तिने ते खाली ठेवलं. आईचं हिंदी ऑफिसात चहा देण्याइतकं चांगलं आहे, पण राग आला की ते मराठी होतं.

"वो मेरी ननद नहीं है," ती म्हणाली. "मैंने झूठ बोला. असली ननद मेरी सांगली में है, मेरा आदमी गया तब तेराव्याला भी नहीं आई. ये मेरी सहेली है. सहावी से. ये आई, घर में रही, इसने मेरे को उठवलं. इसकी शादीबिदी नहीं हुई, वो विधवाबिधवा नहीं है. और इसको कोई कुछ बोला तो प्रसाद नहीं मिलेगा."

स्वयंपाकघरातल्या कपबशा थांबल्या.

मग आंटी खऱ्याखुऱ्या कोड्यात पडून म्हणाल्या, "सहेली? तो फिर इतना लड़ती क्यों हैं?"

मावशी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. तिने सगळ्यांना चहा दिला, शेवटी आईसमोर कप ठेवला आणि म्हणाली, "अगं, साखर कमी घातलीय तुझ्यात."

आई इतकी रडली की बायकांना कीर्तन यशस्वी झाल्यासारखं वाटलं.

पण सोसायटी ती सोसायटी. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सेक्रेटरी आणि कमिटीचे एक मेंबर वही घेऊन आले. मी कॉलेजच्या ग्रुपवर लिहिलं होतं, त्यामुळे माझ्या फोनवर सूचनांचा पाऊस पडत होता. एक जण फलक करून आणायला तयार होता. एकीने लिहिलं, व्हिडिओ कर, चेहरे दिसू देत. मी फोन उशीखाली ठेवला.

सेक्रेटरी दुखावले होते. "हमने चाय पिलाई थी," ते म्हणाले. "देखिए, हमें पर्सनली कोई दिक्कत नहीं. पर फॅमिली सोसायटी है. रजिस्टर में रिश्ता गलत लिखा है. सही क्या लिखें?"

"सहेली लिखो," आई म्हणाली.

"सहेली में कुछ नहीं आता, माताजी. या फॅमिली, या बॅचलर. और बॅचलर अलाउड नहीं."

मला काहीतरी बोलायचं होतं. कायद्याबद्दल, हक्काबद्दल, तयारी केली होती मी. पण माझ्या आधी मावशी म्हणाली, "भाईसाब, ननद ही रहने दो."

"अजिबात नाही!" आई म्हणाली.

"गप बस. राहू दे."

"आता राहू दे? चार महिने माझा जीव खाल्लास त्याचं काय मग? वहिनी, वहिनी, वहिनी!"

"तेव्हाचं वेगळं होतं. तेव्हा तू बोलली नव्हतीस. काल सगळ्यांसमोर बोललीस. आता कागदावर त्यांना हवं ते लिहू दे ना, मला काय!"

"मला आहे! एकदा खोटं बोलले तर तोंड फिरवलंस, आता खरं बोलतेय तर तेही नको!"

"अगं, घर जाईल."

"जाऊ दे गेलं तर! तू आहेस ना!"

मावशी एकदम थांबली. मग जास्तच जोरात म्हणाली, "मी आहे म्हणून काय रस्त्यावर भात शिजवणार आहेस? अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

सेक्रेटरी एकीकडून दुसरीकडे पाहत होते. शब्द त्यांना कळत नव्हते. पण आवाज, हात, एकमेकींचं वाक्य तोडणं, हे सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांच्या घरीही असंच चालत असणार. त्यांचा चेहरा हळूहळू पहिल्या दिवसासारखा सैल झाला. त्यांनी मेंबरकडे पाहिलं. मेंबर म्हणाला, "फॅमिली ही है जी."

सेक्रेटरींनी वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि ते उठले. दोघींचं लक्षही नव्हतं. ते गेल्यावर आईच्या ध्यानात आलं. "काय लिहिलं त्यांनी?" तिने मला विचारलं. मला माहीत नव्हतं. तिने चपला घातल्या आणि खाली गेली. मावशी तिच्या मागे दारापर्यंत जाऊन ओरडली, "लिफ्टने जा! गुडघे माझे खराब आहेत, तुझेही करून घेऊ नकोस!"

आई वर आली तेव्हा मावशी तांदूळ निवडत होती. आई दारातच उभी राहिली.

"ननद-भाभी असंच ठेवलंय," ती म्हणाली. "पुढे कंसात सहेली लिहिलंय. मी समोर उभं राहून लिहून घेतलं."

मावशीने परातीतून डोकं वर केलं नाही. "कंसात का होईना."

"पुढच्या वर्षी करार नवा होतो," आई म्हणाली आणि तिच्या समोर बसून परातीचा अर्धा भाग आपल्याकडे ओढला. "तेव्हा कंस काढायला लावते. तू मधे बोलायचं नाहीस."